प्रतिक्रियेला उत्तर: जहांगीरमधल्या त्या दोन भिंती

अनामिक महोदय,

'काका, तुम्ही फोटो पाहिलेच नाहीत, गिरण्या आठवत बसलात.' जहांगीर आर्ट गॅलरीतल्या लालबाग-परळच्या फोटोंच्या प्रदर्शनावर मी लेख लिहिला, त्यावरच्या तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेतलं हे वाक्य तेवढं घेतो. मेगापिक्सेल, माझा चष्मा वगैरे बाकीचं सोडून देऊ. मतभेद जरूर असावेत, पण बोलताना टपली मारायची ही कुठली रीत?

एक मान्य. रंगीत फोटोंच्या काचांवर दिवे चमकतात, मान वाकडी करून बघावं लागतं. तिथे तुमचं बरोबर.

आता गिरण्या. छायाचित्रकारानेच एका भिंतीवर गिरणी संपाच्या काळातलं लालबाग-परळ लावलंय आणि समोर आजचं. मग मी काय मरीन ड्राइव्ह आठवू? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक, साचा खात्यातले, म्हणजे मागावरचे. त्यामुळे ते फोटो खरे की सजवलेले, हे मला कुणी शिकवायला नको.

शिवाय उमेदीची काही वर्षं मी दादरच्या एका स्टुडिओत डार्करूममध्ये काढली आहेत. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास जेवतानाही बोटांना यायचा. कमी उजेडात चालणारी चांगली चारशेची (ISO 400) फिल्म तेव्हा सहज मिळत नसे. ओरवोवर, नाहीतर उटीच्या 'इंदू'वर भागवायचं. कोंदट खोलीत शटर हळू ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. खानावळीचा तो फोटो पुन्हा बघा (बघितला असेल तर). वाढणाऱ्या बाईचा हात हललाय, चेहरा मात्र स्थिर. पांढऱ्या लुगड्याची चुणी न् चुणी दिसते, पांढरा कुठे जळून सपाट झालेला नाही. तसा प्रिंट काढायला किती कागद फुकट जातात ते मला विचारा. आणि पंगतीतल्या एकानेही कॅमेऱ्याकडे मान वर केलेली नाही. म्हणजे छायाचित्रकार तिथे रोजचा होता. हे मी फोटोतच पाहिलं, आठवणीत नाही.

समोरच्या भिंतीवर टॉवरच्या वरच्या मजल्यावरून घेतलेली चाळींची छपरं. निळ्या ताडपत्रीची सुतळीसुद्धा मोजता येते. रंग देखणे. पण ताडपत्रीखाली कोण राहतं, याचा पत्ता नाही. छायाचित्रकार लांब गेलाय, एवढंच मी लिहिलं होतं. 'जुनं ते सोनं' हे शब्द तुमचे, माझ्या तोंडी घालू नका.

'आज कुणी घरात फोटो काढू देत नाही, तुम्हीच काढून दाखवा' हा तुमचा मुद्दा वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि दुसऱ्याला नीट बघायला शिकवायचं तर निदान स्वतःच्या नावाने लिहावं. 'अनामिक'ला यापुढे उत्तर मिळणार नाही.