नातं काय?

एका ट्रान्स मुलीच्या ऑपरेशनला सोबत कोणी येईल का, असं आज सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारलं. एका काकांनी लिहिलं, 'हौसेनं करून घेतलेल्या ऑपरेशनला कसली सेवा?' खाली चार अंगठे. त्यातले दोघं गणपतीत माझ्याकडे मोदक हाणून गेलेले. डोकं असं फिरलं की गॅसवरची डाळ करपली.

गेल्या पावसाळ्यात परळला एका ट्रान्स मुलाजवळ मी तीन रात्री होते. छातीचं ऑपरेशन, स्तन काढून छाती सपाट करायचं. घरच्यांनी फोन उचलणं कधीच सोडलेलं. काउंटरवर फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "पेशंटशी नातं काय?" मी लिहिलं, मावशी. काय लिहिणार होते, फेसबुक फ्रेंड?

दोन्ही बगलांखाली ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, टोकाला लिंबाएवढे फुगे. सकाळ-संध्याकाळ ते रिकामे करायचे, किती मिली निघालं ते वहीत लिहायचं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. आणि नालासोपाऱ्यात त्याच्या खोलीवर सोडायला गेले तर चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवर! आधी ते उतरवून ओट्यावर ठेवले. २०२२ मध्ये सरकारनं ट्रान्सजेंडर लोकांसाठी आयुष्मान भारत टीजी प्लस आणलं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. चांगलंच केलं. पण डबे उतरवायला सरकार येणार आहे का?

बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. हिजड्यांच्या घराण्यात निर्वाण, म्हणजे लिंग काढायचं ऑपरेशन, झालेल्या चेलीलाही (गुरूच्या शिष्येलाही) चाळीस दिवस सांभाळतात, मग जलसा. गुरूंचे जाच असतात, देणी असतात, मान्य. पण तिला एकटीला टाकत नाहीत. आणि काका, तुमच्या हर्नियाच्या वेळी आठवडाभर डबा कोणाकडून येत होता?

जाऊ दे. मी तरी कुठली शहाणी? पहिल्याच रात्री त्याला पाणी देताना तोंडून 'अगं' निघालं. तो काही बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून पडला. सकाळी मीच म्हटलं, "चुकलं रे बाळा." म्हणाला, "मावशी, वही आणा, डावीकडचं पंचेचाळीस."

शिकलेली नर्सच हवी, असं कुणी म्हणेल. परवडत असेल तर जरूर ठेवा. ताप आला, टाके लाल दिसले की डॉक्टरलाच फोन करायचा, एवढं मलाही कळतं.

मंगळवारी एक मुलगी ॲडमिट होतेय. दुपारी २ ते ८ कोणीतरी हवंय, रात्री मी आहेच. डबा मी पाठवते. फॉर्मवर आत्या, काकू, काय वाटेल ते लिहा.