सबस्क्रिप्शन घेताय? आधी बंद केल्यावर काय उरतं ते बघा

लगीनसराई संपत आली की आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर एकच विषय निघतो, लाइटरूम-फोटोशॉप या अडोबी कंपनीच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन चालू ठेवायचं का एकदाच पैसे भरून दुसरं काहीतरी घ्यायचं, आणि सगळी चर्चा महिन्याला किती रुपये यावरच फिरत राहते. मला वाटतं त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला पाहिजे. ज्या दिवशी तुम्ही पैसे भरणं थांबवाल त्या दिवशी तुमच्या हातात काय राहणार?

मी साताऱ्यात लग्नाच्या अल्बमचं डिझाइन आणि कलर करेक्शन करते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतातच, हातात काम कमी, जुनी पेमेंटं अडकलेली, आणि सबस्क्रिप्शनचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो. मग कोणीतरी म्हणतं चार महिने बंद करून टाकू. पण बहुतेकांनी घेतलेला प्लॅन असतो वर्षाचा, फक्त पैसे महिन्याला कापले जातात, आणि हे घेताना कोणी वाचतच नाही. मधेच सोडला तर दंड लागू शकतो. अमेरिकेत याच गोष्टीवरून जून 2024 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अडोबीवर केस टाकली होती, मुदतीआधी रद्द केल्यावर लागणारी फी ग्राहकापासून लपवली जाते असं त्यांचं म्हणणं होतं. खरोखर महिन्या-महिन्याचा, कधीही सोडता येणारा प्लॅन असेल तर तो महाग पडतो. त्यामुळे घ्यायचंच असेल तर सीझनमध्ये हातात पैसे असताना वर्षाचे एकदम भरा आणि तो खर्च सरळ पॅकेजच्या रेटमध्ये धरा, जीएसटी नंबर असेल तर बिल त्या नंबरवर घ्या.

आता दुसरी बाजू. "एकदाच पैसे भरले की आयुष्यभराचं झालं" हे पण खरं नाही. अडोबीने 2013 मध्ये जाहीर केलं की यापुढे सगळं क्रिएटिव्ह क्लाउड, म्हणजे सबस्क्रिप्शनवरच, आणि सीएस6 हे त्यांचं एकरकमी विकत मिळणारं शेवटचं क्रिएटिव्ह सूट ठरलं. लाइटरूम 6 आलं 2015 ला, त्याचा शेवटचा अपडेट डिसेंबर 2017 चा. अजूनही कितीतरी स्टुडिओत तेच चालतंय आणि चांगलं चालतंय, पण कॅननने 2018 पासून सीआर3 नावाची नवी रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघणारी, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणली आणि ती लाइटरूम 6 मध्ये उघडतच नाही. म्हणजे सॉफ्टवेअर तुमचंच, पण कॅमेरा बदलला की अडलं. त्यावर उपाय आहे, रॉ फाइल डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात बदलणारा अडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, आधी सगळ्या फाइल त्यातून काढायच्या आणि मग लाइटरूममध्ये घ्यायच्या. पण एका लग्नाच्या तीन-चार हजार फ्रेम असतील तर हा वेळ कोणाच्या खिशातून जातो ते बघा.

मग सबस्क्रिप्शन बंद केल्यावर काय होतं? लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात, पण डेव्हलपचा, म्हणजे रंग-उजेड बदलायचा भाग बंद होतो. केलेलं काम जात नाही, ते बदलता येत नाही. आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेलात तर फोटोला दिलेले स्टार, कीवर्ड हे एक्सएमपी या फोटोसोबतच्या माहितीच्या फाइलमधून बऱ्यापैकी सोबत येतं, रंगाचं काम मात्र जसंच्या तसं येत नाही कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, काम डिलिव्हर झालं की फायनल फोटो फुल साइजमध्ये एक्सपोर्ट करून रॉ फाइल्सच्या शेजारीच ठेवा. पाच वर्षांनी त्याच घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न निघतं आणि ताईच्या अल्बममधला आजीचा फोटो मोठा करून पाहिजे असतो, आजी तोवर राहिलेली नसते. त्या वेळी तुमचं सबस्क्रिप्शन चालू आहे का बंद, याच्याशी त्या घराला काही देणंघेणं नसतं.

अ‍ॅफिनिटीबद्दल बरेच जण विचारतात. कंपनी इंग्लंडची, एकदाच पैसे घ्यायची, चांगलं सॉफ्टवेअर. 2024 मध्ये कॅनव्हाने ती घेतली आणि ऑक्टोबर 2025 पासून अ‍ॅफिनिटी फुकट केलं, फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. वापरून बघा नक्की. पण आपल्या कामातली एक अडचण परदेशी रिव्ह्यूमध्ये कोणीच सांगत नाही, ती म्हणजे देवनागरी. अ‍ॅफिनिटीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत मराठी युनिकोड मजकूर टाकला की "चि." मधली वेलांटी च च्या पुढे जाऊन बसायची, "शुभाशीर्वाद" मधला रफार सुटून र चा पाय मोडलेला दिसायचा. अल्बमच्या पहिल्या शीटवर, बारा बाय छत्तीसच्या छपाईत, हे असं गेलं तर कोण सहन करेल? फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही मजकुराची सेटिंग निवडली की जोडाक्षरं नीट येतात. गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट असून देवनागरी व्यवस्थित दाखवतं, मार्च 2025 मध्ये त्याची 3.0 आवृत्ती पण आली. त्यामुळे ट्रायल घेताना फोटो नंतर उघडा, आधी "श्री गणेशाय नमः" टाइप करून बघा.

अल्बमवाल्यांना फोटोशॉप सोडणं अवघड आहे हे मला मान्य आहे, सगळी टेम्प्लेटं पीएसडीत, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलमध्ये असतात आणि दुसरीकडे उघडल्यावर काही इफेक्ट वेगळेच दिसतात. लग्नाचं काम रोज करणाऱ्याने सबस्क्रिप्शन घ्यावं, त्यात गैर काही नाही. पण जे आत्ता शिकतायत, महिन्यातून एखादा वाढदिवस शूट करतात, पक्ष्यांचे फोटो काढायला मायणीला जातात, त्यांनी हप्ता का लावून घ्यावा? कॅननचं डीपीपी, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, ही कॅमेरा कंपन्यांचीच सॉफ्टवेअर आहेत, फुकट आहेत आणि आपापल्या रॉ फाइल्स उघडतात. त्याच्या पुढे जायचं असेल तर डार्कटेबल आहे, तेही फुकट, सुरुवातीला डोकं फिरेल एवढे मॉड्यूल दिसतात, पण मास्किंग, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागावरच काम करणं, तर फार ताकदीचं आहे.

आणि क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चोरून चालवलेलं सॉफ्टवेअर. हे बोलायला कोणाला आवडत नाही, पण बोलते. अँटिव्हायरस बंद करून कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून क्रॅक टाकायचा, आणि त्याच पीसीवर लोकांच्या लेकीबाळींचे हळदीचे, घरातले, मेकअप रूममधले फोटो ठेवायचे, हे मला अजिबात पटत नाही. त्यांनी विश्वासाने दिलेत ते आपल्याकडे. फुकटच पाहिजे असेल तर वर नावं दिलीत, ती कायदेशीर फुकट आहेत.

कोणाला सीआर3 वरून डीएनजी करताना अडचण येत असेल किंवा फोटोशॉपमध्ये मराठी तुटत असेल तर कमेंटमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आवृत्ती लिहा, रात्री काम आटोपलं की उत्तर देते.