‘परदेशात असंच असतं’ म्हणण्याआधी

यंदा गणपतीला पुण्याला जाणं जमलं. आरती झाली, पानं वाढायला अवकाश होता आणि दादानं शाळांचा विषय काढला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून एक मोठी शाळा करावी, मुलांना गाडी द्यावी, असं त्याचं मत. वहिनी अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते, तिला हे अजिबात पटत नाही. बोलणं तापलं तसा दादा माझ्याकडे वळला. ‘अरे, तुमच्याकडे परदेशात असंच असतं ना? सांग हिला.’ मी तेव्हा अर्धवट काहीतरी बोललो. मेलबर्नला परतलो तरी ते मनातून जाईना.

गाडीची गोष्ट खरी आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या ग्रामीण भागात जवळची शाळा 4.8 किलोमीटर किंवा त्याहून लांब असेल, तर मुलाला सरकारी बस फुकट नेते. पण शाळा बंद करण्याचा प्रयोगही याच राज्यानं केला होता आणि दादानं ते ऐकायला हवं. 1992 मध्ये जेफ केनेट यांचं सरकार आलं तेव्हा राज्य कर्जात बुडालेलं होतं. पुढच्या काही वर्षांत साडेतीनशेच्या आसपास सरकारी शाळांना कुलूप लागलं. प्रेस्टनमधली नॉर्थलँड ही त्यातलीच एक माध्यमिक शाळा. तिथे मूलनिवासी समाजाची मुलं बरीच होती, ती तिथे रुळली होती. त्यांनी सरकारविरुद्ध दाद मागितली. शाळा बंद झाल्याचा घाव या मुलांवर इतरांपेक्षा जास्त बसतो, म्हणजे हा भेदभावच आहे, हे म्हणणं मान्य झालं आणि 1995 मध्ये शाळा पुन्हा उघडली. रिचमंडमध्ये तर शाळा वाचवायला ठाण मांडून बसलेल्या लोकांवर 1993 च्या डिसेंबरात पोलिसांनी दंडुके चालवले. त्या उपनगरात मुलामुलींची नवी सरकारी माध्यमिक शाळा सुरू व्हायला 2018 उजाडलं.

महाराष्ट्रात 2023 च्या सप्टेंबरात समूह शाळांचं, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचं, परिपत्रक निघालं, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं शिकत होती. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळच्या शाळा दाखवल्या गेल्या. पानशेतच्या खोऱ्यात माझ्या आत्याची वाडी आहे. शाळा दोन खोल्यांची, पुढे अंगण, अंगणात चिंच. भातलावणीच्या दिवसांत ओढा भरला की दुधाची मोटारसायकलसुद्धा अलीकडे थांबते. तिथली सहा वर्षांची पोरगी रोज गाडीपर्यंत कशी जाणार, हे कागदावरच्या अंतरावरून कळत नाही. गाडी चुकली की पोरगा पायी निघतो आणि पोरगी घरी राहते. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण खरा वाद पैशाचा आहे, आणि तो इथेही चुकलेला नाही. 1962 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्न या गावातल्या एका कॅथलिक शाळेला आरोग्य खात्यानं आणखी शौचालयं बांधायला सांगितलं. शाळेकडे पैसे नव्हते. चर्चनं गावातल्या आपल्या सगळ्याच शाळा बंद केल्या आणि शेकडो मुलांना सरकारी शाळांच्या दारात नाव घालायला पाठवलं. सरकारी वर्गांत एवढी जागा कुठली? दोन वर्षांत केंद्राचा पैसा खासगी शाळांच्या प्रयोगशाळांना मिळू लागला. आज तीनातलं एकाहून जास्त मूल बिगरसरकारी शाळेत आहे, आणि वर्षाला चाळीस हजार डॉलर फी घेणाऱ्या शाळेलाही करदात्यांचा पैसा जातो. याचा मला राग येतो. पश्चिम मेलबर्नच्या नव्या वस्त्यांत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि आमची मुलं सरकारी शाळांत पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत बसतात.

तरीही इथे एक गोष्ट झाली. डेव्हिड गोन्स्की यांच्या समितीनं 2011 मध्ये शाळांच्या निधीवर अहवाल दिला आणि 2013 च्या कायद्यानं एका मुलामागे किती पैसा लागतो याचा आकडा ठरला. 2024 मध्ये प्राथमिकला तो 13,570 डॉलर होता. मूल अपंग असेल, गरीब घरचं असेल, मूलनिवासी असेल, शाळा आडरानात किंवा छोटी असेल, तर त्यावर भर पडते. म्हणजे छोटी शाळा महाग पडते हे आधीच धरलेलं असतं. बहुतेक राज्यांतल्या सरकारी शाळांना हा पूर्ण आकडा अजून मिळालेला नाही, केंद्र आणि राज्यांमधल्या नव्या कराराची मुदत 2034 पर्यंत आहे. दहा वर्षं सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. पण किती कमी पडतं आहे हे आकड्यानिशी माहीत असल्यामुळे शिक्षक, पालक, विरोधी पक्ष, सगळ्यांना नेमकं भांडता येतं.

आपल्याकडे अनुदान चालतं पदावर. पटावरून संचमान्यता (शाळेला किती शिक्षक याची मंजुरी), संचमान्यतेवरून पदं, पदावरून पगार. अनुदान कधीच मागणार नाही या अटीवर मान्यता मिळालेल्या ‘कायम विनाअनुदानित’ शाळांमधला ‘कायम’ 2009 मध्ये निघाला, पुढे 20 टक्के, मग 40, मग 60 असे अनुदानाचे टप्पे सुरू झाले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षक आझाद मैदानात बसले. वहिनीनं पहिली कित्येक वर्षं पगाराविना काढली, शिकवण्या घेऊन घर चालवलं. त्या शाळेतली मुलं कोणाची? शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. त्या मुलाला आधी शिकलेल्या घरातल्या मुलापेक्षा जास्त पैसा लागतो, हे या अनुदानाच्या हिशेबात धरलेलंच नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं, की सारा भरतो रयत आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर.

दादाचा आक्षेप मला ठाऊक आहे. मुलामागे पैसा द्यायला लागलात तर बोगस पट वाढेल. खोटं नाही, 2011 च्या पटपडताळणीत लाखो मुलं फक्त हजेरीपटावर निघाली होती. पण तो पट मुख्यतः पदं मिळवण्यासाठीच फुगवलेला होता. लपवालपवीला आळा बसतो तो आकडा उघड्यावर आला की. इथे सरकारी संकेतस्थळावर कोणत्याही शाळेचं नाव टाकलं की मुलामागे किती पैसा आला ते दिसतं. वाडीत मुलं नऊ आहेत की एकोणीस, हे वाडीला कोणी सांगावं लागत नाही.

मागच्या रविवारी मी दादाला माझ्या मुलीच्या शाळेचा आकडा कळवला. त्यानं लगेच विचारलं, ‘मग आत्याच्या वाडीचा किती?’ वहिनीनं तिथल्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, पगार तालुक्यावरून होतो, पोषण आहार वेगळा, समग्र शिक्षाचं अनुदान वेगळं. एका पोरामागे किती, हे पंचवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. बसून बेरीज करतो म्हणाले.