स्वस्तात आरमार कसे उभारावे

किनारा लांबलचक आणि तिजोरीला हात लावायची इच्छा नाही? मग अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांना गुरू करा. मोठ्या युद्धनौका म्हणजे खर्च, शिवाय त्या दिसल्या की लढायची खुमखुमी येते. त्यापेक्षा पन्नास-सत्तर फुटांच्या, शिडा-वल्ह्यांच्या, एखाद-दुसऱ्या तोफेच्या होड्या बांधा. त्यांना नाव कशाला? नंबर द्या. नावं ठेवायला विरोधक आहेतच.

बांधणीचे ठेके सढळ हाताने वाटा. ओहायो नदीकाठच्या मॅरिएटालाही द्या. तिथून समुद्र शेकडो मैल लांब असला म्हणून काय झालं, मतदार तर तिथेच आहेत!

मग होडीवर 24 किंवा 32 पौंडांचा गोळा फेकणारी तोफ चढवा. बाजूला तोंड करून डागली तर होडी कलंडायची भीती, तेव्हा शत्रूला नाकासमोरच यायची विनंती करा. भर समुद्रात जाताना तोफ काढून तळाशी ठेवा. असं शांतताप्रिय आरमार शोधून सापडणार नाही. 1805 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीच्या लढाईसाठी निघालेली 6 नंबरची होडी पाहून एका ब्रिटिश युद्धनौकेला वाटलं, जहाज फुटून तराफ्यावर अडकलेले लोक आहेत! समोरच्याला आपली दया यावी, याहून मोठं संरक्षण कुठलं? 7 नंबरची निघाली ती निघालीच. पुन्हा तिची खबर नाही.

1 नंबरची मात्र मानाची. सप्टेंबर 1804 च्या चक्रीवादळाने तिला जॉर्जियातल्या सवाना शहराजवळच्या मक्याच्या शेतात नेऊन बसवलं. फेडरलिस्ट या विरोधी पक्षाच्या मंडळींनी पेले उंचावले: पाण्यावर नाही तर नाही, निदान जमिनीवर तरी हिच्या तोडीची दुसरी नसो! अशा टवाळीला एकच उत्तर, आणखी होड्या. डिसेंबर 1807 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तब्बल 188 होड्यांना मंजुरी दिली.

एक गोष्ट मात्र भाषणात घेऊ नका. ब्रिटनशी युद्ध चालू असताना, 14 डिसेंबर 1814 रोजी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराजवळ, बोर्न सरोवरात, अशाच पाच होड्या चाळीसहून अधिक ब्रिटिश होड्यांना भिडल्या. वारा पडलेला, पळायला वाट नाही. पाचही शत्रूच्या हाती गेल्या, पण ब्रिटिशांचा खोळंबा झाला आणि शहराच्या बचावासाठी अमेरिकन सेनापती जनरल जॅक्सन यांना मोलाचे दिवस मिळाले. हे सांगितलंत तर कोणीतरी आगाऊ उठून विचारेल, की एवढ्या जिगरीच्या खलाशांना धड जहाज द्यायला काय झालं होतं?