‘स्मरणपत्र देत राहा, मुदत वाढत जाते’: सरकारी नोकरांना बुडवणारा एक मेसेज

बदल्यांचा हंगाम आला की कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी यंदाही तो मला तीन ठिकाणांहून आला. जात, लिंग, अपंगत्व यावरून डावललं गेलेल्या सरकारी नोकरांसाठी त्यात ‘मोलाचा सल्ला’ आहे. थोडक्यात असा : वरिष्ठांविरुद्ध तक्रार केली की वर्तणूक नियमांनुसार शिस्तभंग होतो, म्हणून थेट भांडू नका. दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र द्या, दाद मागायची मुदत शेवटच्या स्मरणपत्रापासून मोजतात. निवृत्तीनंतर दावा केला तरी सगळं भरून मिळतं. मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) म्हणजे सरकारचंच घर, तिकडे न जाता हायकोर्टात जा. अनुसूचित जाती आयोगाला पत्र लिहिलं की बढतीची यादी थांबते. महिलांनी लैंगिक छळाची तक्रार कार्यालयाच्या समितीकडे नेली आणि आरोप सिद्ध झाला नाही तर नोकरी जाते. आणि शेवटी : निवेदनाला शक्यतो आमदारांचं पत्र जोडा.

आस्थापना शाखेत माझी तेवीस वर्षं गेली. अशी निवेदनं मी आवक बारनिशीत चढवली, त्यांवर टिपण्या लिहिल्या, आणि खरं सांगायचं तर काही फायलीत तशीच पडू दिली. म्हणून स्मरणपत्रापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या मुद्द्यांनी गैरसमज होतो, या मुद्द्याने माणूस बुडतो.

शेजारच्या शाखेतल्या एक मॅडम एकदा प्लॅस्टिकचं फोल्डर घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. परिविक्षा काळात (प्रोबेशनवर असताना) त्यांनी प्रसूती रजा घेतली होती. कार्यालयाने तेवढ्यावरून परिविक्षा वाढवली, वेतनवाढ पुढे ढकलली आणि ज्येष्ठता यादीत त्यांना नंतरच्या तुकडीच्या खाली टाकलं. फोल्डरमध्ये अकरा स्मरणपत्रं होती, प्रत्येकावर आवकचा गोल शिक्का, तारखेने लावलेली. पहिलं निवेदन १० जून २०११ चं, शेवटचं स्मरणपत्र २०१९ चं. मॅडमना वाटत होतं, कागद जितके जास्त तितकी केस भक्कम.

प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ चं कलम २१ काय म्हणतं ते पाहा. अंतिम आदेश झाला असेल तर न्यायाधिकरणात जायला त्यापासून एक वर्ष. निवेदन देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे मॅडमचे सहा महिने डिसेंबर २०११ मध्ये भरले आणि न्यायाधिकरणाचं दार डिसेंबर २०१२ मध्ये लागलं. त्यानंतरच्या शिक्क्यांना मुदतीच्या हिशेबात किंमत नाही. हे काही नवं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्येच सांगून ठेवलं की कायद्यात तरतूद नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. पुढे २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात आणखी एक पळवाट बुजली. जुन्या, मुदत गेलेल्या मागणीला कार्यालयाने आज उत्तर दिलं, तरी त्या उत्तरामुळे दाव्याला नवा जन्म मिळत नाही.

विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘मी स्मरणपत्रं देत होते’ हे तसं कारण नव्हे.

‘निवृत्तीनंतर सगळं भरून मिळतं’ यात निम्मं खरं आहे, म्हणून ते जास्त घातक. पगार चुकीचा ठरवला असेल तर दर महिन्याला अन्याय नव्याने होतो असं न्यायालय मानतं, त्यामुळे उशिरा गेलं तरी दार पूर्ण बंद नसतं. पण तरसेम सिंग प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने रेघ मारून दिली : थकबाकी साधारण दावा करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती, आणि ज्येष्ठता किंवा पदोन्नतीचा जुना वाद उकरायचा नाही, कारण मधल्या काळात तिथे दुसरी माणसं स्थिरावलेली असतात. मॅडमच्या फोल्डरचे दोन भाग झाले ते असे. वेतनवाढीत थोडा जीव होता. मानीव दिनांकाची, म्हणजे मागच्या तारखेपासून ज्येष्ठता धरण्याची, मागणी मेलेली होती, आणि त्यांचा खरा जीव अडकला होता तो त्यातच.

आता ‘मॅट नको, हायकोर्टात जा’. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने पहिल्याच फटक्यात हायकोर्टात रिट याचिका टाकली तर ‘आधी मॅटमध्ये जा’ म्हणून ती परत येते. एल. चंद्रकुमार निकाल १९९७ चा आहे : सेवाविषयक वादात पहिली पायरी न्यायाधिकरण, त्यानंतर उच्च न्यायालयाचं खंडपीठ. मात्र जिल्हा परिषद किंवा महापालिकेत असाल तर मॅट तुम्हाला लागूच नाही, आणि केंद्र सरकारी असाल तर तुमचं न्यायाधिकरण कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. मेसेज सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो.

सरकारचं घर म्हणाल, तर मॅटवर प्रशासकीय सदस्य असतात आणि ते बहुधा सनदी सेवेतूनच आलेले असतात, हे नाकारत नाही. तरी २०२२ च्या पोलीस भरतीचं काय झालं ते आठवा. ऑनलाइन अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ दोनच पर्याय होते. तृतीयपंथी उमेदवार मॅटमध्ये गेले. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धावलं, आणि डिसेंबरमध्ये तिथेच त्याला तिसरा पर्याय देण्याचं आणि नियम करण्याचं कबूल करावं लागलं. घरच्या माणसाविरुद्ध सरकारला उच्च न्यायालयात जावं लागलं असेल, तर घर कुणाचं हे तुम्हीच ठरवा.

वर्तणूक नियमांचा मुद्दा वाचून मला हसू येतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये स्वतःच्या सेवेविषयी योग्य मार्गाने निवेदन देणं हे गैरवर्तन नाही. न्यायाधिकरणाच्या कायद्याचं कलम २० तर उलट सांगतं : आधी खात्यातले उपाय करून या, मग दार ठोठवा. जी गोष्ट कायदा करायला सांगतो, ती शिस्तभंग कशी? नियमांना खरोखर चालत नाही ते वेगळंच आहे : सेवेच्या कामासाठी वरिष्ठांवर राजकीय दबाव आणणं. म्हणजे मेसेजच्या शेवटी ज्याची शिफारस केली आहे, नेमकं तेच. निवेदन निर्दोष आणि त्याला टाचलेलं आमदारांचं पत्र हे गैरवर्तन, अशा फायली मी पाहिल्या आहेत. साहेबाला नोटीस काढायला आयतं कारण मिळतं.

तक्रारीचा राग साहेब काढतात, हे मात्र खरं, आणि तो बहुतेक वेळा बदलीतून निघतो. पण २००५ च्या बदली अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. अवेळी किंवा तीन वर्षांचा कालावधी पुरा होण्याआधी बदली करायची तर विशेष कारणं लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे दोन शब्द टाकून काढलेला आदेश हातात पडला, तर माहिती अधिकारात त्यामागची टिपणी मागा. ती टिपणी पुष्कळदा तुमच्या वकिलापेक्षा चांगलं बोलते.

आयोगाचं एका परिच्छेदात उरकतो. अनुसूचित जाती आयोग साक्षीदार बोलावतो, कागद मागवतो, शिफारस करतो. पदोन्नतीला स्थगिती देण्याचा अधिकार त्याला नाही. इंडियन ओव्हरसीज बँकेच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पत्र जरूर लिहा. पण त्याच्या भरवशावर कलम २१ चं वर्ष घालवू नका.

महिलांच्या समितीबद्दलची भीती कायदा न वाचता पसरवलेली आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १४ हेतुपुरस्सर खोट्या तक्रारीबद्दल आहे, आणि त्याच कलमात लिहिलं आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून कारवाई होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. त्याने खरं सांगायला हवं होतं ते हे की तक्रारीला शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, आणि कारण पटलं तर समिती ती आणखी तीन महिने वाढवते. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या साहेबाने तुमचा गोपनीय अहवाल लिहू नये, अशी मागणी लेखी करता येते. हे फार थोड्या जणींना माहीत असतं. ‘समितीनंतर पुन्हा विभागीय चौकशी, पुन्हा तेच प्रश्न’ ही भीतीही जुनी झाली. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की समितीचा अहवाल हाच शिस्तभंग चौकशीचा अहवाल मानायचा.

दिव्यांग कर्मचाऱ्यांचं नाव मेसेजच्या सुरुवातीला आहे, पण त्यांच्यासाठी पुढे वेगळी एक ओळ नाही, आणि सगळ्यात जवळचं दार त्यांचंच आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पदावनतीही करता येत नाही. जमेल त्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावं लागतं, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरचं जादा पद धरून. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर पुढे जिल्हास्तरीय समिती आहे. आपल्या कार्यालयात ती नोंदवही बघायला मागा. आमच्याकडे होती. वर सुवाच्य अक्षरात नाव, आत एकही नोंद नाही, आणि तिच्यावर शाईचं पॅड ठेवलेलं असायचं.