पेट-सीटीतली ‘साखर’ कर्करोग वाढवत नाही

माझ्या मामेभावाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा एक कर्करोग आहे. केमोच्या दोन सायकल झाल्यावर डॉक्टरांनी पेट-सीटी स्कॅन सांगितला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश वाचून मामीने घेतलेली तारीख रद्द केली. या स्कॅनमध्ये कर्करोगाला साखर पाजून तो अंगभर पसरवतात, शरीर महिनोन्महिने किरणोत्सर्गी राहते आणि साध्या सीटीत दिसते तेच दाखवून जास्त पैसे घेतात, असे त्यात लिहिले आहे.

यांतला साखरेचा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो अर्ध्या सत्यावर उभा आहे. अनेक कर्करोगपेशी ग्लुकोज जास्त ओढून घेतात हे खरे आणि स्कॅनही त्याच गुणधर्मावर चालतो. परंतु स्कॅनआधी शिरेतून देतात ते एफडीजी हे किरणोत्सर्गी द्रव्य ग्लुकोजसारखे असले तरी पेशीत शिरून त्याला फॉस्फेट जोडले गेले की त्याचे पुढे विघटन होत नाही, ते तिथेच अडकते आणि म्हणूनच ती जागा चित्रात उजळते. पेशीला त्यातून ऊर्जा मिळतच नाही. शिवाय त्याचे वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. प्रौढ माणसाच्या रक्तात उपाशीपोटीही सुमारे 5 ग्रॅम ग्लुकोज असते.

किरणोत्सर्गाचे म्हणाल, तर एफडीजीतले किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते नगण्य उरते. शरीराला किरणोत्सर्गाची मात्रा मिळते हे मान्य, म्हणून विनाकारण स्कॅन करू नये.

सीटी गाठीचा आकार दाखवतो. उरलेल्या गाठीत जिवंत रोग आहे की नुसता बरा झालेला व्रण, हे पेटमुळे कळते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॅथल’ चाचणीत प्रगत हॉजकिनचे सुमारे 1,200 रुग्ण होते. दोन सायकलनंतर ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला, त्यांच्यापैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन, म्हणजे फुप्फुसांना अपाय करू शकणारे केमोतले औषध, बंद केले. तीन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात 84.4 टक्के, तर ते चालू ठेवलेल्यांमध्ये 85.7 टक्के होते आणि फुप्फुसांचा त्रास बंद केलेल्यांना कमी झाला.

खर्च जड आहे, ही तक्रार रास्तच आहे. क्षयाच्या गाठीही या स्कॅनमध्ये उजळतात, त्यामुळे आपल्याकडे संशयास्पद ठिपक्याची बायोप्सी करावी लागते. पण ही कारणे स्कॅन टाळण्याची नव्हेत. तिसरी सायकल सुरू होण्याआधी तो झाला नाही, तर भावाचे ब्लिओमायसिन थांबवता येईल का हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावे लागेल. म्हणून मामीने उद्याच फोन करून नवी तारीख घ्यावी.