बातमीत पाहुणे असतात, चित्रं कुठायत?

बेळगावात चित्रप्रदर्शन लागलं की दुसऱ्या दिवशीची बातमी बघा, मराठी काय नि कन्नड काय, उद्घाटन कुणी केलं, शाल-श्रीफळ कुणाला, स्टेजवर कोण कोण, आणि शेवटी एक ओळ, 'चित्रे लक्षवेधी आहेत'. अरे पण कसली चित्रं? ऑइल की वॉटरकलर, लँडस्केप की अमूर्त, चित्रं काढणाऱ्या त्या पोरानं नवीन काय केलंय, कुठं फसलंय, कुणीच लिहिना! चित्रकार नि कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी सरांचं गाव हे, नामवंत चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि आज इथं कुणी इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू मांडून केलेली कलाकृती, मांडलं तर फोटो छापतायत पाहुण्यांचा. संताप होतो. चार दिवसांत सगळं भिंतीवरनं उतरतंय, मग कळणार कुणाला? नाही आवडलं तर तसं लिहा, पण चित्रासमोर थांबून लिहा की ओ!